टीटूच्या हातची रोटी

कॅनडातल्या सरे शहरातले लोक आता गुरमेज कौरला देवमाणूस म्हणतात आणि मला हसू येतं. पोरांना वाईट मार्गावरून ओढून आणणारी माउली, असं काहीबाही गुरुद्वाऱ्याच्या माइकवरून तिच्याबद्दल बोलतात. माउली कसली! बाई सुडाने पेटलेली होती. मी तिच्याबरोबर ॲबट्सफर्डच्या शेतांत ब्लूबेरी तोडल्या आहेत, तिच्या शेजारी बसून लंगरच्या रोट्या लाटल्या आहेत, आणि आजही तिच्याच घराच्या तळघरात भाड्याने राहते. तिच्या पोटात काय होतं ते मला विचारा.

तिचा थोरला नवराज बाविसाव्या वर्षी एका जिमच्या पार्किंगमध्ये गोळी लागून गेला. गोळी झाडणारा विरुद्ध टोळीचा होता, तो पकडलाही गेला. पण नवराजला ड्रग्जच्या धंद्यात ओढणारा होता टीटू. हा टीटू परका नव्हे. त्याची आई प्रीतो आमच्याबरोबर बेरी तोडायची. नवरा लवकर गेलेला, पोराला ठेवायला घरी कुणी नाही, म्हणून टीटू शेताच्या कडेला बसून असायचा आणि गुरमेजच्या डब्यातले पराठे खायचा. ‘मेजो मासी, मेजो मासी’ करत तिच्या ओढणीला लोंबकळायचा. मोठा झाल्यावर त्याने तिच्याच मुलाला आधी बूट दिले, मग फोन दिला, मग शनिवार-रविवार मिरवायला गाडी दिली, आणि शेवटी पोचवायला पुड्या दिल्या.

आमच्यात मुलीला घरी यायला जरा उशीर झाला तर आई उलटतपासणी घेते. मुलगा मात्र नवीकोरी गाडी घेऊन दारात उभा राहिला की तीच आई उंबऱ्यावर मोहरीचं तेल ओतून त्याचं स्वागत करते. गाडी कुठून आली, हे विचारायचं नसतं. गुरमेजनेही तेल ओतलं होतं. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून, लाडू वाटून ओतलं होतं.

नवराजच्या दिवसकार्याचा पाठ झाला, तेव्हा टीटू काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसला होता. नंतर लंगरच्या पंगतीतही बसला. गुरमेज रोट्यांची टोपली घेऊन वाढत होती. रोटी थाळीत टाकायची नसते, ती घेणाऱ्याने दोन्ही हात पसरून घ्यायची असते. टीटूने हात पुढे केले. लंगरमध्ये कुणाला नाही म्हणता येत नाही. वैऱ्यालासुद्धा नाही. तिने त्याच्या हातावर रोटी ठेवली, आणि मागून भाजी वाढत येणाऱ्या माझ्याकडे टोपली देऊन ती बाहेर निघून गेली. ती दुःखाने उठून गेली असं सगळ्यांना वाटलं. दुःख नव्हतं ते. पुढे कितीतरी दिवस ती मला एकच वाक्य ऐकवायची, “माझ्या हातचं खाऊन गेला गं तो.”

धाकटा जोबन तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने घरात बोलणं सोडलं आणि विरुद्ध टोळीच्या पोरांबरोबर ऊठबस सुरू केली. टीटूला मारायचं तर टीटूच्या शत्रूंकडे जायचं, एवढा साधा हिशोब. एके दिवशी गुरमेजने त्याला गॅरेजच्या दारात अडवलं. माझं तळघर गॅरेजला लागूनच, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“कुठे निघालास?”

“काम आहे.”

“टीटूला मारायचं?”

जोबन म्हणाला, “तुला नकोय का तो मेलेला?”

“पाहिजे. तुझ्यापेक्षा जास्त पाहिजे. पण रांगेत उभा राहा. मी आई आहे, माझा नंबर आधी.”

“तू काय करणार मम्मी? लाटणं फेकून मारणार?”

“त्याच्याजवळ काय आहे रे? पोरं आहेत. पोरं पुढे-मागे नाचतात म्हणून तो टीटू आहे. ती पोरंच काढून घेते एकेक करून. मग बघ, कुत्रं विचारणार नाही त्याला. माझे गुडघे गेलेत, गाडी तू चालवायची. मला नाही जमलं, तर मग तुझं तू बघ.”

असा तो तिचा ड्रायव्हर झाला. पोरगं नजरेसमोर राहावं म्हणून तिने केलेली ती युक्ती होती, पण सूडही खोटा नव्हता.

मग तिने सरेतल्या आयांच्या नाकी नऊ आणले. भरल्या लग्नात, बायका मेहंदी लावून बसल्या असताना, ही मोठ्याने विचारायची, “तुझ्या धाकट्याच्या पायात ते बूट कुणी घेऊन दिले गं?” यजमानिणीचा चेहरा पडायचा. कुणी म्हणायचं, स्वतःचा गेला म्हणून दुसऱ्यांच्या पोरांवर जळते. कुणी हिला बघून दारच उघडायचं नाही. ही बाहेरच्या पायरीवर पावसात बसून राहायची. शेजारी बघायला लागले की दार आपोआप उघडायचं. त्या पोरांना ती गोड बोलून कधी समजावत नसे. उपदेश तिला येतच नव्हता. कान धरून लंगरची भांडी घासायला बसवायची, पहाटे बेरीच्या शेतावर न्यायची, नणंदेच्या नवऱ्याच्या ट्रकच्या यार्डात टायर बदलायला लावायची. थकलेला पोरगा घरी जाऊन झोपतो, एवढंच तिचं शास्त्र. काही पळून परत टीटूकडे गेले. काही राहिले. मनवीर म्हणून एक होता, टीटूची गाडी चालवायचा. तो टीटूच्या तावडीतून सुटला त्या दिवशी ती घरी आली आणि पोटभर जेवली. “आज टीटूचा एक हात तोडला,” असं मला म्हणाली. सुटलेल्या पोराचं तिला काय कौतुक होतं, देव जाणे.

जोबन सगळं बघत होता, पण त्याची आग काही विझत नव्हती. तेवढ्यात टीटूने मोठं घर बांधलं आणि प्रीतोने त्या घरात गुरुग्रंथाचा अखंड पाठ ठेवला. रविवारी समाप्ती, मग लंगर, सगळ्या ओळखीच्यांना आमंत्रण. टीटू स्वतः गुरमेजच्या दारात आला. “मासी, त्या दिवशी तू मला वाढलंस. आता मी तुला वाढणार.” मी सगळं ओळखलं. मेजो मासीने चारचौघांत त्याच्या हातची रोटी खाल्ली की लोकांची तोंडं बंद. आया पुन्हा निवांत तेल ओतायला मोकळ्या.

तो गेल्यावर जोबन म्हणाला, “मम्मी, तुझा सूड फार सावकाश चाललाय. तो घर बांधतोय आणि आपण भांडी घासतोय. दुसऱ्या टोळीच्या पोरांनी मला रविवारी संध्याकाळी बोलावलंय. वस्तू तयार आहे म्हणाले.”

वस्तू म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती. गुरमेजचा चेहरा पांढरा पडला. पण बोलली एवढंच, “दुपारी माझ्याबरोबर जेवायला चल. संध्याकाळचं मग बघू.”

रविवारी आम्ही गेलो. खालच्या मोठ्या खोलीत पांढऱ्या चादरी अंथरून पंगत बसली. गुरमेज, तिच्या शेजारी जोबन, मग मनवीर, मग तिने सोडवलेली आणखी काही पोरं त्यांच्या आयांसह, आणि शेवटी मी. डाळ आली, भाजी आली, खीर आली. गुरमेजने सगळं घेतलं. मग डोक्याला भगवा रुमाल बांधून, रोट्यांची टोपली घेऊन टीटू आला. तिच्यासमोर वाकला.

“मासी, हात.”

गुरमेजने हात मांडीवर ठेवले. “तुझ्या हातचं नको.”

टीटू हसला. “मासी, लंगर आहे. लंगरला नाही म्हणत नसतात.”

“लंगरला कुठे नाही म्हटलं? डाळ घेतली, भाजी घेतली. रोटी दुसऱ्या कुणी आणली तर तीही घेते.”

टीटू पुढे सरकला. जोबनचे हात गुडघ्यांवर घट्ट होते. मनवीरला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याचा चेहरा घामाने भिजला होता, पण त्यानेही हात उचलले नाहीत. पुढच्या पोरानेही नाही. त्याच्या आईनेही नाही, आणि हीच बाई एकदा गुरमेजला दाराबाहेर ठेवून टीव्ही बघत बसली होती. टीटू टोपली घेऊन एकेकासमोर वाकत गेला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या हातातली रोटी गार झाली होती. मला कडकडून भूक लागली होती, खोटं कशाला सांगू. मी हात ओढणीखाली घेतले.

प्रीतो चुलीजवळून उठून आली. “टीटू, हे लोक तुझ्या हातचं का घेत नाहीत?”

“काही नाही बीबी. तू बस.” आईला तो बीबीच म्हणायचा.

“मी विचारतेय.”

जन्मात पहिल्यांदा तिने मुलाला काही विचारलं होतं. टीटूने दाराजवळच्या आपल्या पोरांकडे पाहिलं. ती फोनमध्ये डोकं घालून उभी होती. प्रीतोने त्याच्या टोपलीतली एक रोटी उचलली, बघितली, परत ठेवली. मग येऊन माझ्या शेजारी खाली बसली आणि तिनेही हात मांडीवर ठेवले.

“मेजो,” ती रांगेच्या त्या टोकाकडे बघत म्हणाली, “तुझ्या पराठ्यांवर वाढला गं हा.”

“लवकर विचारायचं होतंस, प्रीतो,” गुरमेज म्हणाली. दया नव्हती तिच्या आवाजात, एक थेंबसुद्धा नव्हता.

परत येताना गाडीत जोबनचा फोन सारखा वाजत होता. स्कॉट रोडच्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली.

“मम्मी, तो अजून जिवंत आहे.”

“असू दे. म्हातारा होऊ दे चांगला. रोज सकाळी आईसमोर बसून चहा प्यायचाय त्याला, आणि ती रोज विचारणार आहे.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. जोबनने फोन बंद करून आईच्या मांडीवर टाकला आणि गाडी घराकडे वळवली.