सकाळी ठणठणीत, संध्याकाळी गळाठा

माझी धाकटी जाऊ नाटकी आहे, हे मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. घरात, शाळेत, माहेरी पुरुषोत्तमनगरला फोनवरसुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं गाव शहाद्याजवळ, ऊस-पपईचं. सकाळी मी निघायचे तेव्हा ही ठणठणीत असायची, धुणं आपटताना गाणी म्हणायची. साडेपाचला मी अंगणात गाडी लावली, की हिच्या पापण्या मिटायला लागायच्या, आवाज नाकातून यायचा. भाकऱ्या माझ्याच नशिबी. बरोबर माझ्याच वेळेला कसं होतं हिला? पक्की अंगचोर, असा माझा निकाल.

एकदा पाहुण्यांच्या पंगतीत ती हनुवटीला खालून हात लावून घास चावत होती. मी म्हणाले, “आता तुले चावाले बी गडी लावाना का?” सगळे हसले. तीही हसायला गेली, पण ओठ वर गेलेच नाहीत, नुसते वाकडे झाले. मी सासूबाईंना म्हणाले, “देखा, त्वांड कसं वाकडं करस ती.” आज हे लिहितानाही कानशिलं तापतात.

मग एका संध्याकाळी पाणी पिताना ते तिच्या नाकातून आलं आणि ती धापा टाकू लागली. शहाद्याच्या डॉक्टरांनी तडक सुरतेला पाठवलं. दिराला हिंदी बोलायचा धीर नाही, म्हणून सोबत मी गेले.

तिथले मेंदूचे डॉक्टर म्हणाले, घरात काय काय दिसतं ते सांगा. मी सुरू झाले. सकाळी बरी, संध्याकाळी नाही. डुलकी काढली की पुन्हा तासभर चांगली. पहिला घास चावता येतो, दहावा नाही. वेणी घालताना हात खाली येतात. या सगळ्या माझ्या तक्रारी होत्या, दोन वर्षं साठवलेल्या, तोंडपाठ. डॉक्टर भराभर लिहीत होते. त्यांनी हातमोज्यात बर्फ बांधून तिच्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. पापणी वर आली. “मॅडम, इतकं बारीक कुणी पाहत नाही. निम्मं निदान तुम्हीच केलंत,” ते मला म्हणाले.

ती शाबासकी मी घेतली. जाऊ शेजारीच बसली होती.

आजाराचं नाव मायस्थेनिया. शरीराचं रक्षण करणारी द्रव्यंच घरभेदी होतात, आणि नसेचा निरोप स्नायूला जिथे मिळतो ती जागा अडवतात. म्हणून काम केलं की ताकद संपते, विसावा घेतला की थोडी परत येते. पूर्वी श्वास अडकून माणसं दगावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता ती द्रव्यं रक्तात तपासता येतात, गोळ्या आहेत, छातीतली एक ग्रंथी काढून बऱ्याच जणांना आराम पडतो, नवी इंजेक्शनंही निघाली आहेत. “आणि घरचे मात्र याला आळस म्हणतात,” ते म्हणाले. मी “हो ना” म्हणाले!

तिचं ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. आता ती संध्याकाळीही चार घास नीट खाते. घरात, भावकीत एकच बोलणं, थोरलीमुळे वाचली. वर्षभर मी ते ऐकून घेतलं.

परवा दोघी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. मी एकदाचं बोलले, “मी तुले दोन वरीस नाटकी म्हनू. डॉक्टरले जे सांगं, त्या मन्ह्या तक्रारी व्हत्यात.”

तिचा हात थांबला नाही. “माले माहीत शे, ताई. तुम्ही चिडाल म्हनीसन मी रोज तुम्हना येवाना पह्यले समदं काम उरकू. दुपारले आडवी व्हऊ नही. तुम्ही येवा तवलोंग हातमा ताकदच ऱ्हाये नही.”

तेव्हा दुपारचं निजणं हेच तिचं औषध होतं, आणि ते ती माझ्या धाकानं घेत नव्हती.