पिंकीच्या नावाने खणलेला खड्डा

मी पाच वर्षांची असताना आमच्या अंगणात माझ्या मापाचा खड्डा खणला गेला.

तो खणायला सांगणारी बाई आज सकाळी गेली.

कांचनबाई. घोडेगावच्या कापड दुकानदाराच्या सूनबाई. वाड्यावस्त्यांवर सगळे त्यांना शेठाणीबाईच म्हणायचे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मला सेरेब्रल पाल्सी. आमच्या वाडीत हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता. "पोरगी लुळी हाय," एवढंच निदान.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी दिवसभर गोधडीवर आडवी. घराची कौलं मला तोंडपाठ होती.

आईच्या डोक्यात एकच होतं, मला बालवाडीत घालायचं. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आधी बसू तर दे तिला. आडव्या पोरीला मी कशी सांभाळू?"

कांचनबाई नुकत्याच पुण्याहून अपंग मुलांसोबत काम करायचं ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या. डिंभ्यापर्यंत एसटी, पुढे पायी. आल्या, माझे पाय हलवून पाहिले, पाठ चाचपली आणि आईला म्हणाल्या,
"अंगणात एक खड्डा घ्या. हिच्या छातीपर्यंत येईल एवढा."



आमच्याकडे लहान मूल दगावलं तर जाळत नाहीत, पुरतात. हे बाईंच्या डोक्यातच आलं नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलं ते सांगून मोकळ्या झाल्या.

माझे आजोबा, आबा, ओट्यावरून उठले.
"शेठाणीबाई, आमची सुनी अजून जिती हाय. लहान लेकरासाठी खड्डा कवा खणत्यात, ठावं हाय ना तुमाला? निघा हितनं."

बाईंनी चपला घातल्या आणि गेल्या. आई चुलीपुढे बसून रडली. मदतीला आलेलं एकच माणूस, तेही हाकललं गेलं.

पुढच्या आठवड्यात बाई परत हजर!

या वेळी बोटाला त्यांची पिंकी. माझ्याच वयाची. झालरीचा फ्रॉक, दोन वेण्या.

"आबा, माझं चुकलं. आधी नीट समजावून सांगायला हवं होतं. खड्ड्यात चारी बाजूंनी आधार मिळाला की असं मूल उभं राहायला शिकतं. आज खड्डा माझ्या पिंकीसाठी खणते. तेवढी जागा द्या."

"तुमच्या लेकीला उतरवणार त्यात?"

"हो. अपशकुन असेल तर आधी माझ्या घराला लागू दे."

आबांनी हातानेच अंगणाचा एक कोपरा दाखवला.

आता खरी गंमत. बाई जैन. कांदा-बटाटाही न खाणाऱ्या. माती उकरणं म्हणजे त्यांच्या घरी पाप. एक घाव घालायच्या, थांबायच्या. गांडूळ दिसलं की दोन बोटांनी उचलून वालाच्या वेलाखाली नेऊन ठेवायच्या. मुंग्या निघाल्या की त्यांना जाऊ द्यायच्या. खड्डा काही खोल होईना.

शेवटी आबाच वैतागले.
"आणा त्यो टिकाव हिकडं. तुमच्या हातनं दिवाळी उजाडंल."

आणि त्यांनीच खणला.

पिंकी आत उतरली ती बाहेर यायलाच तयार नाही. आत उभी राहून मजेत आमच्या कोंबड्यांना दाणे टाकतेय.

मला भयंकर राग आला. अंगण आमचं, कोंबड्या आमच्या, आणि ही कोण?

मी भोकाड पसरलं. "मलाऽऽ!"

मी काहीतरी मागितलंय हेच घरात नवीन होतं. आबांनी मला उचललं. बाईंनी पिंकीला ओढून बाहेर काढलं, पोती आणि गोधडी चारी बाजूंनी ठासली आणि मला आत सोडलं.

मी उभी!

कोंबडी समोरून कशी दिसते ते मला तेव्हा कळलं. आई पदर तोंडात धरून बघत राहिली. आबा आमच्याकडे पाठ करून टिकाव पुसत बसले, बराच वेळ.

मग माझे पाय लटपटायला लागले. तरी मी ओरडतेय, काढू नका, काढू नका.

बाई खाली वाकल्या.
"दमलीस ना सुने? मग बस. उभं राहायला उद्या आहेच की."

खड्ड्यानंतर नारायणगावच्या टोमॅटोच्या लाकडी खोक्याची खुर्ची झाली. मग बालवाडी. तिथल्या बाईंना ती खुर्ची कशी वापरायची, हेही कांचनबाईंनीच शिकवलं.

दोन हजारनंतर त्या अंगणवाडीच्या बायकांना ट्रेनिंग द्यायला लागल्या. आण्याच्या पठारापासून तळेघरापर्यंत. सूर्य मावळला की बाई जेवायच्या नाहीत, आणि एसटीचा काय भरवसा? कितीदा उपाशी झोपल्या असतील देव जाणे. तक्रार कधी ऐकली नाही.

प्रत्येक ट्रेनिंगची सुरुवात आबांनी हाकललं त्या गोष्टीने. स्वतःची फजिती अगदी रंगवून सांगायच्या. मग म्हणायच्या, "घरचे कशाला घाबरतात ते आधी विचारा. टिकाव नंतर मागा."

आज मीही तेच शिकवते. कुबडी घेऊन, थोडा भाव खात.

दुपारी त्यांच्या दुकानासमोर ही गर्दी. वाड्यांवरून आलेल्या आया, त्यांची मोठी झालेली मुलं. सगळे उभे. पिंकीने माझ्यासाठी खुर्ची आणली.

म्हटलं, "नको. आज मी उभी राहणार."

बाईंना बाहेर आणलं. मी उभी होते. नमस्कार केला. मग पाय लटपटायला लागले. तरी मी हट्टाने तशीच.

पिंकी माझ्या कानाशी आली. आवाज अगदी आईचा.
"दमलीस ना सुने? मग बस."

बसले. आणि मग रडले.

येते बाई. उद्या तळेघरला ट्रेनिंग आहे.
तुमच्या सुनीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार. 🙏