पेशी शाळेला गेल्या तेव्हा

आईच्या मानेतल्या गाठी सोलापूरच्या औषधांनी दोनदा विरघळल्या आणि दोनदा परत आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा शिवारात ज्वारी पोटरीला आली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि सांगितलं, बी-सेल लिम्फोमा हा कॅन्सर असा उलटून आलेल्या रुग्णांसाठी मुंबईला एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, तिथं जाऊन विचारा. चाचणी हा शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातला. मी परंड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि माझं कॉलेज म्हशीच्या दुधावर झालं. त्या दिवशी मात्र तो ओळखीचा शब्द मला कुठल्यातरी लांबच्या गावाच्या नावासारखा वाटला.

परंड्याहून एसटीनं कुर्डुवाडी, तिथून रेल्वे. मुंबईच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होत्या. त्या खुर्ची ओढून आईच्या समोर बसल्या, टेबलाच्या पलीकडं नाही. म्हणाल्या, "मावशी, तुमच्याच रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी आम्ही काढून घेणार. प्रयोगशाळेत त्यांना तुमचा आजार ओळखायला शिकवणार. शिकून तयार झाल्या, की परत तुमच्या अंगात सोडणार."

"म्हंजी त्यास्नी शाळंत घालणार म्हणा की," आई म्हणाली.

"तसंच समजा."

"बरं हाय. म्या न्हाय गेले, माझ्या पेशी तरी जाऊंद्या."

मग सगळं पुन्हा एकदा, कॅमेऱ्यासमोर. आईला वाचता येत नाही म्हणून आमच्या नात्यातला नसलेला, हॉस्पिटलचाही नसलेला एक साक्षीदार शेजारी बसवला. डॉक्टरांनी काहीही गोड करून सांगितलं नाही. गुण येईल किंवा येणार नाही. कधीही नको म्हणता येईल. आईनं एकच विचारलं, "माझ्या आधी कुणाला दिलंय का ह्ये, का मीच पहिली?"

"तुमच्या आधी काही जणांना दिलंय. तुम्ही पहिल्या नाही, पण फार मागच्याही नाही."

"मधल्या रांगंत," असं म्हणून आईनं सही केली. अंगठा नाही, सही. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, सावकाश, जीभ जरा बाहेर काढून. तिला त्या सहीचा फार अभिमान.

त्यानंतर डॉक्टर म्हणाल्या, "पेशी परत सोडल्यावर काही दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्याकडून एक वाक्य लिहून घेईन. नव्या पेशी कामाला लागल्या की ताप येतो. कधीकधी मेंदूलाही त्रास होतो आणि माणूस भरकटतं. बोलण्यात कळायच्या आधी ते अक्षरात दिसतं. लिहिता येतं ना?"

"व्हय," आई म्हणाली.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. "सहीच्या म्होरं मला काय येत न्हाय, तुला ठाव हाय. पर तोंडातनं गेलं."

मी परत आत जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, वाक्य सोडून देऊ, बाकीच्या खुणांवर लक्ष ठेवू. पण आई माझ्या मागून आत आली होती. "पेशी शिकून यायला किती दिस लागत्याल?"

"तीन-चार आठवडे."

"तेवढ्यात ही शिकवंल मला. मास्तरीण हाय."

मी भीत भीत विचारलं, भरकटलेलं माणूस परत येतं ना. डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेक वेळा येतं. लवकर कळलं तर औषध लवकर देता येतं. नेहमीच येतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

आई यंत्राशेजारी पडून राहिली, एका नळीतून रक्त गेलं, दुसरीतून परत आलं, आणि तिच्या पेशी तिथंच ठेवून आम्ही गावी आलो.

आमचं गाव सोनारीच्या अलीकडं. मी शाळेतून रजा घेतली. अंगणात, लिंबाच्या सावलीच्या कडेला, जिथं ऊन पायावर येतं आणि डोक्यावर येत नाही अशा जागी, मी आईची शाळा भरवली. पाटीवर 'अ' काढला. आईनं तो बघितला.

"म्या अख्खी शाळा न्हाय करणार. एक वाक्य पायजे."

"मग 'मी बरी होणार आहे' हे घेऊ."

"अजून झाली न्हाय. कशाला खोटं लिवायचं?"

"'माझा देवावर विश्वास आहे'?"

"त्यो त्याला ठाव हाय. कागदाव कशाला?"

आण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यापाशी वैरण तोडत होते. तिथूनच ओरडले, "'माझा नवरा लई चांगला हाय' आसं लिव्ह."

"मघाशी काय म्हणले म्या? खोटं लिवायचं न्हाय."

मग ती गोठ्याकडं बघत राहिली. म्हशीचं पोट दोन्ही अंगांनी सुटलं होतं. आई म्हणाली, "आमची म्हैस गाभण आहे. ह्ये खरं हाय. कुणी बी येऊन बघावं."

तेच वाक्य ठरलं. मी शाळेत इतकी वर्षं शिकवते, पण आईला शिकवताना मला माझ्या हाताचं काय करावं कळेना. लहानपणी माझा हात धरून गिरवून घेणारं घरी कोणी नव्हतं. आता मी तिचा हात धरला होता. तिची बोटं खरखरीत, बळकट, आणि पेन्सिलीच्या बाबतीत अगदी लाजाळू. 'आमची' लवकर आलं. 'म्हैस' येईना.

"पाळायला सोपी, लिवायला लई अवघड," ती म्हणायची.

भाकरी थापायच्या आधी परातीतल्या पिठात ती बोटानं 'म्है' काढायची, बघायची आणि त्यावर पाणी ओतायची. आण्णा म्हणायचे, "रोज म्हैस खातोय आमी."

दुपारी ती खाटेवर पडायची. केमोनंतर उगवलेले केस लहान मुलासारखे मऊ होते. ज्वारीवरून वारा यायचा, मधेच एखादं पाखरू उठायचं, आणि सगळं परत खाली बसायचं. तिला झोप लागली असं वाटावं तोच ती डोळे मिटूनच विचारायची, "काय खायला देत असत्याल गं त्या पेशींस्नी?"

"पातळसं काहीतरी. त्यांच्यापुरतं."

"आन् थंडी?"

"अंगाला असते तेवढी ऊब असते पेटीत."

"मग हरकत न्हाय."

आणि खरंच झोपायची. मी तिच्याकडं बघत बसायची. वाटायचं, दूर समुद्राकडं एका उबदार पेटीत आईचा एक बारीकसा भाग जागा आहे, मान खाली घालून काहीतरी गिरवतो आहे. इथं आई झोपली आहे. आणि गोठ्यात, म्हशीच्या पोटात, कोणीतरी नुसतंच कुशीवर वळलं आहे. त्या दिवसांत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. कशाची तरी वाट बघणं इतकं गोड असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. गाठी मात्र वाढत होत्या. मानेवरून हात फिरवला की कळायचं.

पेशी तयार झाल्या तेव्हा हुरडा संपत आला होता. मी आणि आई परत मुंबईला गेलो. गारठ्यानं वाफाळणाऱ्या डब्यातून एक एवढीशी पिशवी काढली. आई म्हणाली, "एवढ्याच? शाळंत गेल्या तवा लई व्हत्या." सलाईनसारखी ती पिशवी अंगात गेली आणि खोलीभर लसणासारखा वास सुटला. "कुणी फोडणी दिली?" आईनं विचारलं. पेशी गोठवताना त्यात जे घालतात त्याचा तो वास, डॉक्टर म्हणाल्या. माझ्या मास्कच्या आतसुद्धा तो आला. घरी स्वयंपाक चालू आहे आणि आम्ही दोघी दुसऱ्या खोलीत बसलो आहोत, असं क्षणभर वाटलं.

मग रोजचं सुरू झालं. डॉक्टर विचारायच्या, गाव कुठलं, महिना कुठला. पेन दाखवून, घड्याळ दाखवून, हे काय. आणि शेवटी वाक्य. आई जीभ जरा बाहेर काढून लिहायची, 'आमची म्हैस गाभण आहे.' नर्सबाई आत आल्या की रक्तदाब घ्यायच्या आधी विचारायच्या, "काय मावशी, व्याली का?"

"दिस भरू द्या की. तुमच्या घाईनं व्हतंय व्हय?"

काही दिवसांनी ताप आला. ताप येणार हे सांगितलेलं होतं, त्याचं औषध दिलं, ताप उतरला, परत चढला. आणि एका सकाळी आईनं हातातल्या पेनाकडं असं पाहिलं, जणू ते कोणीतरी विसरून गेलं आहे आणि आता ते ज्याचं त्याला कसं द्यावं हे तिला कळत नाही. डॉक्टरांनी कागद पुढं केला. आईनं 'आ' काढला. मग त्याचा काना, मग अजून एक काना, आणि कान्यापुढं काने, ज्वारीच्या धाटांसारखे, कागद संपेपर्यंत.

"हे काय आहे, मावशी?" डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. आई गोड हसली. मग सलाईनच्या खांबाकडं बोट करून मला म्हणाली, "ती बाई कवाची हुबी हाय. तिला बस म्हण की."

तेच तिचं शेवटचं वाक्य त्या दिवसाचं. डॉक्टरांनी लगेच स्टेरॉइड सुरू केलं. दुपारपर्यंत आई बोलायची थांबली. डोळे उघडे, पण आपण एखाद्याच्या अंगणात उभं राहून हाक मारावी आणि आतून कोणी येऊ नये, तसे. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळच्या वाक्याची वाट बघू."

दुपारीच आण्णांचा फोन आला. आवाज आनंदानं उडत होता. "व्याली गं! रेडी झाली. वार बी पडली येवस्थित. तिला दे फोन."

मी सांगितलं, ती बोलत नाही. आण्णा म्हणाले, "बोलंना का. कानाला लाव."

फोन पुसून घेऊन मी तिच्या कानाला लावला. आण्णा बराच वेळ सांगत होते. रेडी काळीभोर आहे, कपाळावर पांढरा टिळा आहे, पहिल्याच झटक्यात उभी राहिली. चीक काढलाय, शेजारी वाटला. सोनारीच्या भैरोबाला नारळ फोडला, तर अर्धा नारळ माकडानं हातातनं नेला. आई छताकडं बघत होती. पापणीसुद्धा हलली नाही. खिडकीबाहेर एका झाडाची पानं पडत होती, आवाज न करता, आणि फोनमधला आण्णांचा चेपलेला आवाज त्या काचेच्या खोलीत गोठ्यातल्या एकेका गोष्टीचं नाव घेत होता.

सकाळी डॉक्टर आल्या. आईची नजर त्यांच्याबरोबर दारापासून पलंगापर्यंत आली, तेवढंच. त्यांनी तिच्या हातात पेन दिलं, कागद पाटीवर लावून पुढं धरला. आईनं पेन नीट धरलं. कागदाला टेकवलं. आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. तिनं पेन उचलून बाजूला ठेवलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. हळूच म्हणाल्या, "मावशी, रोजचं वाक्य. प्रयत्न करा."

आईनं मान हलवली. नाही.

"आठवत नाही का?"

"आठवतंय की." आवाज बसलेला, घोगरा, पण तिचाच. "पर आता कसं लिवू? ती व्याली न्हवं का काल."

डॉक्टरांना काही कळेना. मी मास्कच्या आत रडत होते, आणि आई वैतागून मला म्हणाली, "सांग की गं त्यास्नी. रेडी झालीया. कपाळाव टिळा हाय."

डॉक्टर हसल्या, आणि मग पाठमोऱ्या होऊन फाईलमध्ये बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. तरी त्यांनी सोडलं नाही. कागदावर काहीतरी लागतंच म्हणाल्या. आईनं विचार केला, 'आमची म्हैस' एवढं लिहिलं, तिथंच थांबली आणि खाली सही केली. अक्षर जरा कापरं होतं. काने जिथल्या तिथं होते.

ते सगळं आता मागं पडलं आहे. स्कॅनमध्ये गाठी दिसत नाहीत. सध्या तरी, असं डॉक्टर म्हणतात, आणि दर काही महिन्यांनी आम्ही कुर्डुवाडीहून रेल्वेत बसतो, कारण चाचणी अजून संपलेली नाही आणि आई अजून मधल्या रांगेत आहे. त्या खोलीतलं काय आठवतं, असं मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "तुझ्या बापाचा आवाज लई लांबनं आला. हिरीत कुणी बोलावं तसा."

"आणि ती उभी असलेली बाई?"

"व्हती की. तुला दिसली न्हाय, त्याला म्या काय करू?"

परवा परंड्याहून घरी आले तर आई परातीसमोर बसली होती आणि पिठात अर्धं वाक्य होतं. पुढं काय लिहायचं, मी विचारलं. तिनं गोठ्याकडं बघितलं. रेडी दाव्याला हिसके देत होती.

"ती रोज नवंच काय तरी करती," आई म्हणाली. "खरं ऱ्हाईल आसं काय लिवावं, ह्येच कळंना." आणि पाणी ओतून पीठ मळायला घेतलं.