पानाला लागलेली बी

माझी आत्या संग्रहालयाच्या तळघरात दगड सोलायची. घरात सगळे असंच म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. फार जुन्या चिखलाचे दगड झालेले, त्यांत पानं दबलेली. आत्या सुईनं कण कण उकरून ती उघडी करायची. पगार बेताचा, खोकला मात्र कायमचा.

तिचं आयुष्य एका पानापायी गेलं. दिसायला ते नेच्याचं पान. पण नेच्याला बी नसते, आणि या पानाच्या आसपास बिया हमखास सापडायच्या. जगात फुलं यायच्या कितीतरी आधीच्या बिया. बी याच पानाची, अशी आत्याची खात्री. विभागाचे सर म्हणायचे, "बाई, शेजारी राहतात म्हणून नातेवाईक होत नाहीत. देठानं जोडलेली दाखवा." त्यांचं काही चुकत नव्हतं, याचाच मला राग यायचा. "जोडलेली सापडली तर," असं आत्या जेवताना सुरू करायची आणि बाबा म्हणायचे, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." सगळ्यात जास्त तीच हसायची.

निवृत्तीच्या वर्षी तिनं तरुणपणी कपाटात ठेवलेला एक दगड पुन्हा उकरायला घेतला. आत बी निघाली, बीला देठ निघाला. देठ आणि पानाची मधली शीर, दोन्ही एकाच कोपऱ्याकडे निघाली होती. आत्या घरी गाणी गुणगुणायला लागली.

एक दिवस मी डबा घेऊन गेले, तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली. देठ आणि शीर जिथं जुळायची, तो कोपराच दगडाला नव्हता. छिन्नीनं सरळ छाटलेला. दगड खणात मावावा म्हणून कडा छाटायची तिथली पद्धतच होती. हा तिनंच छाटला होता. स्वतःचा घाव तिला ओळखू आला. छाटलेले तुकडे तेव्हा अंगणातले खड्डे बुजवायला जायचे. त्या अंगणात आता डांबरावर गाड्या उभ्या राहतात.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "शक्यता आहे बाई. पण नुसती शक्यताच," म्हणाले आणि हळूच निघून गेले.

मी म्हटलं, "आत्या, तुला कोण दोष देणार आहे?"

"दोष हवा तेवढा दे गं," ती म्हणाली. "कोपरा कुठून देशील?"