चिंचेने घासलेला देव

माझ्याकडे प्राचीन ग्रीक कांस्याची अकरा नाणी होती. बारावं टपालाने आलं तो नेमका गुरुवार. आम्हा तंजावूरकरांच्या घरात शुक्रवारी दिवे घासत नाहीत, म्हणून अम्मा गुरुवारीच चिंच आणि मीठ घेऊन बसते. नाण्यावरचा दाढीवाला देव काळ्या थरात बुडालेला होता. "देव असा मळका ठेवू नये रे," अम्मा म्हणाली. आणि मला, पंधरा वर्षं नाणी जमवणाऱ्या शहाण्याला, ते पटलं! तिच्याच वाटीतलं चिंच-मीठ घेऊन मी तो घासला. दिव्यासारखा लखलखला.

महिन्याभराने डबी उघडली, तर देवाच्या गालावर फिकट हिरवी पूड. पुसली. दोन दिवसांनी पुन्हा आली, आणि या वेळी खाली खड्डा होता. तिरुचीच्या एका जुन्या संग्राहकाला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन आला.

"मीठ लावलंत?"

"हो, चिंचेबरोबर," मी कबूल केलं.

"ते आत मुरलंय. हवेत ओल असेल तोवर धातू खात राहील."

कावेरीकाठी कोरडी हवा कुठून आणू?

नाणं गेलं तर गेलं. पण त्या गुरुवारी त्याची लकाकी बघून अम्माने देव्हाऱ्यातली पणजोबांच्या वेळची कांस्याची देवीही तशीच घासली होती. आजवर तिला चंदनाच्या पाण्याखेरीज काही लागलं नव्हतं.

आता मी रोज सकाळी टॉर्च घेऊन देवीचा चेहरा न्याहाळतो. अम्मा शेजारणीला कौतुकाने सांगते, पोरगा अखेर देवाला लागला.