ताण दिलेले डोंगळे

एकोणतीस मार्च. गच्चीवर वाळलेले कांद्याचे गोंडे चोळून सुपात पाखडायला घेतले. निम्म्याहून जास्त बी भुसाबरोबर उडून गेलं. भरलेलं बी काळं, जड असतं. हे पोचट होतं. जेमतेम ओंजळभर उरलं.

हा सासूबाईंचा पांढरा कांदा. लग्न होऊन रनाळ्याला आल्या तेव्हा ब्राह्मणपुरीच्या माहेराहून त्यांनी त्याचं बी आणलं होतं. तेव्हापासून दरवर्षी निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना येणाऱ्या फुलांच्या दांड्यांवर, म्हणजे डोंगळ्यांवर, बी धरायचं. दुकानातलं कांद्याचं बी आमच्या घरात कधी आलं नाही.

यंदा फेब्रुवारीतच ऊन तापलं. डोंगळे नुकते फुलले होते आणि वाराही सुटला होता. आमच्या मालकांनी पाणी तोडलं. म्हणाले, "पाणी दिधं तं दांडा लोळतीन. लिंबूले ताण देतस ना?"

मलाही पटलं. लिंबाला पाण्याचा ताण देतात तो फुलाच्या आधी, फुलात नाही, हे दोघांनाही सुचलं नाही.

दांडे उभे राहिले, गोंडे पांढरेशुभ्र. पण मधमाशी फिरकेना. बांधापलीकडे शेजाऱ्यांची ठिबकवरची कोथिंबीर फुलली होती, सगळी गुणगुण तिकडे. त्यांनी गुळाचं पाणी फवारलं असेल, असं मी म्हणाले. सासूबाईंनी आमच्या गोंड्यातली चार फुलं खुडून जिभेवर ठेवली आणि थुंकल्या.

"कोरडं शे, मध नही. माशी काय सून शे का, उपाशीपोटी राबाले?"

आम्ही दोघं हसलो. त्याच दिवशी पाणी सोडलं, पण तोवर बरेच गोंडे सुकायला लागले होते.

दांडे लोळले असते तर काठ्या रोवून सुतळीनं बांधता आले असते. हे मला सूप हातात असताना सुचलं.

संध्याकाळी बी सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी बोटानं पसरून पाहिलं.

"एक वाफा व्हई," म्हणाल्या, आणि वाटी माझ्याकडे सरकवली. बाकीच्या वाफ्यांत यंदा दुकानातलं बी पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी चहाआधीच खायच्या कांद्यांची रास उपसली. त्याच पांढऱ्या जातीचे ते; घट्ट आणि गोल तेवढे पुढच्या डोंगळ्यांसाठी जाळीत भरून छपराला टांगले. खाली उरले ते मऊ आणि जोडकांदे. त्यातलेच दोन भाजीला चिरले.