महादेवाचा बोळा काढला तेव्हा

महादेवाला मी माझ्या हातांनी कोंडलं होतं, आणि कोंडताना माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच कबूल करतो. मी जातीनं गुरव. गेवराई तालुक्यात गंगेच्या काठी आमचं गाव. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. देवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात, पण माझा स्वभाव चौकस. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला ‘हे कावून?’ असं विचारायची खोड, म्हणून गाव मला कावूनबुवा म्हणायचं. निजामाच्या अमलातली, माझ्या थोरल्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळची ही गोष्ट.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. पाऊस ताणला की आमच्याकडे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद करतात आणि घागरी ओतून पिंड बुडवतात. देव गुदमरला की पाऊस पाठवतो, असा समज. आमचा गाभारा जमिनीखाली सात पायऱ्या. त्यातलं पाणी झाकलेल्या दगडी नाळीतून देवळामागं दूर ओढ्याच्या काठी निघतं. गावानं सांगितलं तसा मी चिंध्या आणि चिखलाचा बोळा करून नाळीच्या तोंडात ठोकला. ज्याच्या जटेतच गंगा आहे तो आमच्या घागरींनी गुदमरेल कसा, असं मनात आलं. पण पोटाचा धंदा, बोलून दाखवलं नाही.

भाद्रपदात पाऊस आला, तो वादळ घेऊनच. पूर्वेचा वारा असा सुटला की उभ्या माणसाचं घोंगडं उडावं. पहिल्याच दिवशी तहसिलीचा एक सवार हुकूम घेऊन भिजत आला. वयानं पोक्त, दाढी पिकलेली. पाटलाच्या ओसरीवर उभा राहून म्हणाला, “पैठन के उप्पर लई बारिश हुई, पटेल. गंगा भरके आ रही. सब माळपर जाव.” माळ म्हणजे ओढ्यापलीकडची उंच जागा. तिथं जायला वाट एकच, ओढ्यातून.

गाव कामाला लागलं. छपरांवर धोंडे ठेवले, पेवांची तोंडं लिंपली, गुरं माळावर नेली. रामा कोळ्यानं नाव ओढून लिंबाला बांधली आणि तो घाटावर पाण्याकडं डोळे लावून बसला. पाटलानं गावाला सांगून ठेवलं, “घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीला पानी लागलं की मानसं निघतील. त्याच्या आदी पोराबाळांना पावसात मारायचं न्हाई.” मागच्या मोठ्या पुरात त्याच्या बापानं हाच हिशेब धरला होता, आणि तो बरोबर निघाला होता.

माझ्या घरात मात्र लेक गोदा सवार आला त्याच पहाटे बाळंत झालेली. मुलगा झाला होता, मूठभर जीव. मी बायकोला म्हटलं, आपण आधीच निघू. ती खवळली. “आवो, ओली बाळंतीन हाय ती. ह्या वाऱ्यात तिला वात झाला तर कुनाच्या तोंडाकडं बघायचं?” तिचंही खोटं नव्हतं. अशा वाऱ्यात गेलेल्या बाळंतिणी आम्ही दोघांनी पाहिल्या होत्या. न्यावं तर वारा, ठेवावं तर पाणी.

त्यातच गावातली जाणती माणसं दारात आली. “गुरवबाबा, देवाला सोडवा आता. तवाच आभाळ ऐकंल.” पण लेक माहेरी बाळंत झाली की आमच्यात तीन दिवस सोयर पाळतात, गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही. आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी तिथं उतरत नाही. एक बोळा काढायचा, त्याला तीन दिवस थांबायचं? हे कावून? मी चिडलो, सोयरावर चिडलो, देवावरही चिडलो.

चौथ्या दिवशी दुपारी आंघोळ करून देवळात गेलो. घोड्याचा पाय मुरगळल्यामुळं सवार अडकून पडला होता. तो मंडपात बसून ओले कपडे पिळत होता. मी सात पायऱ्या उतरलो. झिरपून झिरपून पाणी पोटरीपर्यंतच राहिलं होतं. एक फूल वाहिलं, वाकलो आणि बोळा उपसला.

पाणी जायला हवं होतं. ते गेलं नाही, क्षणभर तसंच थांबलं. मग माझं फूल हलायला लागलं, पण नाळीकडं नव्हे, नाळीपासून लांब, माझ्याकडं. पोटऱ्यांना गार स्पर्श झाला. नाळीतून गढूळ पाणी आत येत होतं. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मी नुसता बघत राहिलो, पोरासारखा. इतक्या वर्षांत त्या नाळीनं कधी पाणी आत आणलं नव्हतं. मग गढूळ पाण्याबरोबर एक हिरवी काडी आली. उचलून पाहिली तर बोरू. ज्याच्या लेखण्या करतात तो बोरू आमच्या शिवारात एकाच ठिकाणी उगवतो, ओढा गंगेला मिळतो तिथं, गावाच्या खालच्या अंगाला. खालची काडी वर आली कशी?

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गंगा घाटावरून चढत नव्हती, ती ओढ्यातून उलटी वर येत होती. आम्ही सगळे पुढच्या दारी बसून होतो आणि पाणी मागच्या दारानं शिरत होतं. माळाची वाट बुडत होती.

काडी हातात धरून तसाच पाटलाकडं धावलो. तो म्हणाला, “येडा झालास का बे? तिसरी पायरी कोरडी हाय.” सवार माझ्यामागून आला होता. तो देवळामागं ओढ्यापर्यंत जाऊन आला. त्याची सुरवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. “घुटनेतक आया, पटेल.” पाटलानं काडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि डोईला फडकं बांधलं. “निगा. समदे निगा.”

गोदाला बाजेवर निजवलं, वर दोन घोंगडी टाकली, पोर तिच्या कुशीत दिलं. एका पायाला मी, एकाला रामा, एकाला पाटील. चौथ्याला सवार पुढं झाला तशी माझी बायको अडखळली. बाळंतिणीच्या बाजेला परका पुरुष, तोही परधर्माचा. तो हळूच म्हणाला, “मेरेकू बी बेटी है, माँ.” बायकोनं पदर सावरला आणि बाजूला झाली. “धरा, बाबा.”

ओढ्यात पाणी कमरेपर्यंत आलं होतं. बाज खांद्यावर घेऊन आम्ही पाय चाचपत गेलो. घोंगड्याखालून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता आणि तो येत होता तोवर मला धीर होता. गाव मागोमाग आलं, शेवटी लंगडत्या घोड्याला धरून दोघेजण. दिवस मावळायच्या आत ती वाट छातीएवढ्या पाण्याखाली गेली. त्यानंतर कधीतरी घाटाची तिसरी पायरी बुडाली म्हणे, पण ते बघायला तिथं कुणी राहिलं नव्हतं.

उजाडल्यावर माळावरून पाहिलं. बाळंतिणीच्या खोलीची भिंत आत पडली होती, बाज होती नेमकी तिथं. मी रडलो. सोयर नसतं तर पहिल्याच दिवशी मी बोळा काढला असता, पाणी गुपचूप बाहेर गेलं असतं, आणि आम्ही तिसऱ्या पायरीकडं बघत बसलो असतो. ज्या तीन दिवसांवर मी चिडलो होतो, ते महादेवानं माझ्यासाठी राखून ठेवले होते का? मला माहीत नाही. मी एवढंच सांगतो की माझी अक्कल जिथं अडली होती, तिथूनच वाट निघाली. तेव्हापासून काही अडलं की आधी हात जोडतो, चिडायचं नंतर बघतो.

त्याच सांजेला पोराची पाचवी होती. सटवाई येऊन नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. माळावर कुठला कागद? सवारानं चामडी पिशवीतून गाव हलवायचा तो हुकूम काढला, पालथा केला आणि कोरी बाजू पुढं केली. मी मुंडाशात खोचलेली बोरूची काडी काढली, विळ्यानं तिचं टोक तासलं आणि नातवाच्या उशाशी ठेवली.